मला खोटीच ठेव

बसा मंडळी, सावकाश बसा. मागं बसलेल्या आयाबायांना ऐकू येतंय ना? आज एकच गोष्ट विचारतो. एखाद्याला तुम्ही संकटातून वाचवलंत, आणि ते संकट पुढे कधी आलंच नाही — तर तुम्ही त्याला वाचवलंत, की नुसतं अडवलंत? उत्तराची घाई नको. आधी चंद्रकलाबाईंची हकिगत ऐका.

कोकणात डोंगराच्या कुशीत एक गाव. चंद्रकलाबाई महाडिक तिथल्या सरपंच. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा सासू नुकतीच गेलेली, आणि धाकटा दीर दत्ताराम अजून भिंत धरून चालणारा. वयनीनेच त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेत पोचवलं. स्वतःची पोरं झाली तरी पहिली गरम भाकरी दत्तूची. पुढे तो मुंबईला गोदीत लागला, आणि नोकरी संपल्यावर बायकोला घेऊन गावी परतला. मनात एकच — बापाच्या डोंगराखालच्या जमिनीवर घर बांधायचं.

जागा मोठी देखणी. समोर नदी, पाठीशी डोंगर. पण डोंगर कसा? भिंतीसारखा उभा! आणि नियम सांगतो, अशा उभ्या उताराच्या पायथ्याला घर नको, उतार कापायचा नाही, वरून येणाऱ्या पाण्याची वाट बुजवायची नाही. आता नियम म्हटला की आपण आधी पळवाट विचारतो, अर्थ नंतर. हसता कशाला? खरं तेच बोलतोय.

दत्ताराम पंचायतीत परवानगी मागायला आला. त्याला वाटलं, सरपंच घरचीच, काम झालंच. बाई जागेवर जाऊन आल्या. तालुक्याच्या साहेबांना नेऊन दाखवली. त्यांनीही नको म्हटलं. गावातले दोघे-तिघे कानाशी लागले, की घरचाच माणूस आहे, करा डोळेझाक, कोण बघायला येतंय. बाईंनी परवानगी नाकारली. वर स्वतःच्या वाट्याची रस्त्याकडची सपाट जमीन त्याला देऊ केली.

दत्ताराम भर ग्रामसभेत उभा राहिला. म्हणाला, "वयनी, मी तुला आई समजत होतो. तू सरपंच निघालीस."

"आई म्हणूनच सांगते, दत्तू. तिथं घर नको."

त्याने तिची जमीन घेतली नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला तुकडा घेऊन घर बांधलं, आणि त्या वर्षी गणपती वेगळा आणला. कोकणातल्या माणसाला सांगायला नको, गणपती वेगळा होणं म्हणजे काय. चूल वेगळी झाली तर माणूस रडून मोकळा होतो. गणपती वेगळा झाला की घरच तुटतं.

पावसाळे आले आणि गेले. डोंगर जागचा हलला नाही. दरड राहू द्या, एक धोंडासुद्धा घरंगळला नाही. दत्ताराम पारावर बसून डोंगराकडे बोट करायचा, म्हणायचा, तो बघा, उभा आहे. हळूहळू गावही म्हणू लागलं, की बाईने उगाच दिराचं मन मोडलं. बाई ऐकून घ्यायच्या. सरपंचपद गेलं, नवरा गेला, पाठ वाकली.

मग एका श्रावणात पाऊस लागला तो थांबेचना. संध्याकाळी चंद्रकलाबाई ओसरीवर बसून डोंगराकडे बघत होत्या. आणि मंडळी, मनात आलं — पडू दे. जागा रिकामीच आहे. एकदाचा पडू दे, म्हणजे दत्तूला कळेल.

मनात आलं, आणि बाई दचकल्या. आपण खरं ठरावं म्हणून डोंगर पाडायचा? त्याच जागेत कुणाची गुरं चरतात, बायका गवताला जातात. त्यांना बसवेना. तशाच पावसात उठून भैरीच्या देवळात गेल्या.

पावसाने अडकलेला दत्ताराम आधीच तिथं खांबाला टेकून बसला होता. बाईंना तो दिसला नाही. त्यांनी उंबऱ्यावर डोकं टेकलं, आणि कौलांवरच्या पावसाच्या वर आवाज काढून म्हणाल्या, "देवा, तो डोंगर धरून ठेव. दत्तू मला मरेपर्यंत खोटी म्हणो. मला खोटीच ठेव."

दत्तारामला इतकी वर्षं वाटत होतं, वयनी डोंगर पडायची वाट बघत असेल. का वाटत होतं? तो स्वतः रोज सकाळी डोंगर बघायचा, तो आपण जिंकलो का हे बघायला. माणूस दुसऱ्याला स्वतःच्याच मापाने मोजतो.

तो उठून तिच्याशेजारी जाऊन बसला. माफी मागितली नाही. इतक्या वर्षांनी तो शब्द जिभेवर येत नाही. म्हणाला, "वयनी, भिजलीस. चल घरी."

"कुणाच्या घरी?" बाईंनी विचारलं.

दोन्ही हात धरून त्याने तिला उठवलं, आणि तिचा हात न सोडता स्वतःच्या दाराकडे चालू लागला.

डोंगर आजही उभा आहे. उद्या पडेल? मला ठाऊक नाही. बाईंनाही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं, की आपण वाढवलेल्या पोराने त्या उताराखाली झोपू नये. देवाने त्यांना याचा पुरावा कधी दिला नाही, आणि त्यांनी मागितलाही नाही.

आता जरा आपापल्या घरात डोकावा. तुम्हालाही कुणीतरी अडवलं असेल — बापाने, बहिणीने, एखाद्या शेजाऱ्याने. पुढे काहीच घडलं नाही, म्हणून तुम्ही त्यांना खोटं ठरवलंत, बोलणं टाकलंत. काहीच घडलं नाही, मंडळी... अहो, तेच तर त्यांनी देवाकडे मागितलं होतं.