वाढवून न मागितलेली मर्यादा

टाळ जरा मांडीवर ठेवा, मंडळी. आज एकच प्रश्न विचारतो. माणसाला मागायची लाज का वाटते?

देवापुढे बघा! नोकरी दे, सून चांगली दे, गुडघा बरा कर — भडाभडा मागतो. तिथं लाज नाही! आणि माणसापुढे? मान ताठ! 'मी कशाला विनंती करू?' बरं, नका करू. पण त्या ताठ मानेचं भोगतं कोण? ज्याची मान, तोच? ऐका.

वर्ध्याकडं प्रफुल्ल वैरागडे नावाचा एक माणूस होता. आधीच सांगतो — चांगला माणूस! पुण्यात शिकला, पुण्यात कमावलं, आणि सगळं सोडून गावाकडं आला. का? तर आपल्या भागात आजारी माणसाला अॅम्ब्युलन्स वेळेवर मिळावी म्हणून. त्यानं एक नंबर सुरू केला. फोन लावा, कॉम्प्युटर जवळची गाडी शोधतो आणि तुमच्या दाराकडं वळवतो. लोक दुवा द्यायचे हो!

आता हे कॉम्प्युटर कुठं होते? ढगात! हसू नका, आप्पा — क्लाउड म्हणतात त्याला, ढगच की! पण त्यातून थेंब पडत नाही. दूर कुठंतरी गार इमारतीत हजारो मशीन असतात, आपण त्या भाड्यानं घ्यायच्या. 'वर्षभर तुमचंच भाडं भरू' असं आधी कबूल केलंत, तर मशीन तुमच्या नावानं राखीव — आणि वर घसघशीत सवलत! सवलत म्हटल्यावर कुणाचे डोळे चमकत नाहीत? बघा, पुढच्या रांगेत चमकलेच!

प्रफुल्लनं मशीन घेतल्या. घेता घेता अडला. पडद्यावर अक्षरं आली — तुमच्या खात्याची मर्यादा संपली. जास्त हव्या असतील तर विनंती करा, कारण लिहा, आम्ही बघून कळवू.

शेजारी तृप्ती उमाटे बसली होती. सगळी यंत्रणा तीच सांभाळायची. ती म्हणाली, "दादा, आत्ताच विनंती पाठवू. मंजुरीला दिवस लागतात. उन्हाळा तोंडावर आहे."

"कारण लिहा म्हणतात! पैसे मी देणार, आणि कारणंही मीच देऊ?"

"साधी चौकशी आहे, दादा. सगळ्यांनाच विचारतात."

"असू दे. मी कुणाच्या दारात उभा राहत नाही. आहेत तेवढ्या पुरतात. अडलंच, तर महाग घेऊ ऐनवेळी. पैसा टाकला की सगळं मिळतं!"

तृप्तीनं पुन्हा एकदा विचारलं. मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी — "बघू." मंडळी, हा 'बघू' फार वाईट शब्द! त्यात नाही म्हटल्याचं पाप लागत नाही, आणि काम काही होत नाही.

मे महिना आला. तुम्हाला विदर्भाचं ऊन सांगायला नको. एके दिवशी दुपारी माणसं जागोजागी कोसळायला लागली. शेतात, रस्त्यावर, लग्नाच्या मांडवात! फोनवर फोन. मशीन भरल्या. आणि उरलेले फोन? रांगेत!

"घे, तृप्ती! महाग तर महाग, नव्या मशीन घे!"

तिनं बटण दाबलं. पुन्हा तीच अक्षरं — मर्यादा संपली.

"दादा, मशीन सवलतीची असो की पूर्ण भाड्याची, मर्यादा एकच आहे. मी सांगितलं होतं..."

त्यानं कंपनीला फोन लावला. "दुप्पट घ्या! तिप्पट घ्या! इथं माणसं मरताहेत!" पलीकडचा मुलगा बिचारा नम्रपणे म्हणाला, "सर, विनंती पाठवा. तातडीची म्हणून पुढं देतो. पण तपासायला वेळ लागेल." त्याचं तरी काय चुकलं? मशीन त्यांच्याकडं होत्या. पैसा याच्याकडं होता. मध्ये फक्त न केलेली एक विनंती उभी होती!

विनंती गेली. तोवर तृप्ती आणि बाकीची मंडळी हातानं फोन घेत राहिली. घसे सुकले. किती जणांपर्यंत पोचणार?

एका गावच्या बसस्टँडवर रामाजी कुमरे उसाच्या रसाची गाडी चालवायचा. दिवसभर दुसऱ्यांचे घसे गार करणारा माणूस — त्या दुपारी चाक फिरवता फिरवता खाली बसला, तो उठलाच नाही.

दोन दिवसांनी प्रफुल्ल त्याच्या घरी गेला. कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःहून गेला, एवढं त्याच्या पदरात टाकू या. दारात भागूबाई, रामाजीची बायको.

"फोन लागला होता जी," ती म्हणाली. "बाई बोलत होती त्याच्यात. तुमचा फोन रांगेत हाय, थांबा म्हणे. म्हणून थांबलो आमी. नाईतर ऑटोत टाकून नेलं असतं. ऑटो समोरच उभा होता."

ऐकलंत? विश्वास ठेवला म्हणून थांबली!

प्रफुल्लनं सगळं सांगितलं. मशीन, राखीव, मर्यादा. तिनं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "मंग वाढवून मांगाची नव्हती का?"

त्याची ताठ मान खाली गेली.

"मांगतली असती, त देल्ली असती का त्यायनं?"

"हो," तो म्हणाला. "दिली असती."

भागूबाई ओरडली नाही. शिव्या दिल्या नाहीत. उठली, आत गेली, तांब्या भरून आणला. म्हणाली, "पानी प्या. उनाचे आले तुमी."

मंडळी, तांब्या त्यानं तसाच खाली ठेवला. ओंजळीत चेहरा धरून तो अंगणात रडला.

त्याच आठवड्यात मंजुरी आली. एक ओळ होती. ना कुणी अपमान केला, ना कुणी फुकट उपकार दाखवले. यंत्रणा आजही चालू आहे, फोन लगेच उचलला जातो. तृप्ती अजून तिथंच काम करते. पण पूर्वीसारखं 'दादा' म्हणत नाही. सर म्हणते.

आता माझ्याकडं बघा. घरी भावाशी बोलणं बंद आहे? शेजाऱ्याची मदत हवी आहे? डॉक्टरला विचारायचं राहिलंय? 'बघू' म्हणून ठेवलंय ना? तुमच्या ताठ मानेमागे कुणीतरी फोन कानाला लावून थांबलंय, बाबांनो. म्हातारी आई असेल, लेकरू असेल. तुम्ही याल, या भरवशावर बसलंय.

देवाजवळ आज काही मागू नका. घरी जा, आणि जिथं मागायचं राहिलंय, तिथं मागा. नाम त्यानंतर घेऊ.