पोराची फुंकर

तळेगाव स्टेशनच्या बाकावर रजनीबाई लोणावळ्याच्या गाडीची वाट पाहत होत्या. शेजारी दोघी बायका येऊन टेकल्या. धाकटीच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेली कंदिलाची काच होती, आणि ती तिनं तान्ह्या लेकरासारखी धरली होती.

"मुक्ते, काचंच्या कारखान्यात पोराला शिकाय घातलंस खरं, पर तितं शिकवत्यात तरी काय?"

"फुंकायला, मावशी."

"आगं, फुंकायला साळा कशाला? चुलीम्होरं बसवायचं की!"

"मीबी तसंच म्हनले हुते. आज डोळ्यांनी बघितलं. भट्टीत वाळूचा पार पाक झालेला. आमच्या हौशीरामानं लांब नळीनं त्यातला गोळा उचलला, न् नळी तोंडाला लावून फुंकली. निखारा फुगाय लागला, मावशी! मग दोनी टोकं कापली. ही बघा, आरपार दिसतंय."

"आगं बया! ही वाळू?"

"व्हय."

"दिव्याला तोंडानं फुंकर घातली म्हनून तूच बडवायचीस की गं त्याला."

"व्हय, मावशी. दिव्याला उष्टी फुंकर चालत न्हाई. न् आता त्याचीच फुंकर दिव्याभवती उभी ऱ्हाऊन वारा अडवनार."

रजनीबाईंनी नकळत श्वास रोखून धरला. गाडीची घंटा झाली.

"मग मुक्ते, कंदील मालवायचा कसा? समदी तर काचंवरनंच फुंकत्यात."

"छ्या! वात खाली करीन. हिच्यात माज्या पोराची फुंकर हाय. दुसऱ्या कुनाची जायची न्हाई."