चिंगीचा केक

शमिका : हात लावू नका! ती सुरी आधी खाली ठेवा. कुठाय तो?

संदेश : काय कुठाय? अगो, केक तुझ्यासमोर तर आहे.

शमिका : हा माझा नाही. मी दूध आणायला नाक्यावर गेले, तेव्हा केकवर मांजर होती.

संदेश : मांजर होय ती? मला वाटलं, ससा बिघडला. तोंड एका बाजूला, कान कुरतडल्यासारखा, डोळा तर एकच. म्हटलं, घाईत राहिला असेल. वरचं सगळं खरवडलं, फ्रीजमधलं क्रीम फेटलं नि गुलाब काढले. मधे हंस. मान बघ कशी आलीय! बोटीवर एवढी वर्षं कुक आहे मी. असल्याच हंसाचा फोटो कॅप्टनच्या बायकोने मागून घेतला होता.

शमिका : चिंगीला एकच डोळा आहे.

संदेश : कोण चिंगी?

शमिका : कोण चिंगी! घरात मांजर आहे आपल्या. शिमग्यापासून आहे. राहीच्या पायाशी झोपते. आत्ता तुमच्या बॅगेवर बसलीय ना, ती! बोक्याने कान फाडला, डोळाही तेव्हाच गेला.

संदेश : ती शेजारच्यांची नाय?

शमिका : पोरगी रोज फोनवर तेच तर सांगते तुम्हाला. चिंगीने बांगडा पळवला, चिंगी कौलांवर चढली. तुम्ही नुसतं "हो का, हो का" करता. ऐकता कुठे?

संदेश : रेंज नसते गो धड. आणि एवढं ओरडायला झालं काय? चांगलंच केलंय ना? संध्याकाळी पूर्णगडहून ताई येणार, शेजारचे येणार. ते वाकडं तोंड बघून हसले असते सगळे.

शमिका : हसू देत की! राहीच्या वाढदिवसाला दरवर्षी हसतात. पहिला केक कुकरमध्ये मीठ पसरून केलेला, मधेच बसला. कडेने खोबरं भुरभुरवलं नि म्हटलं, ही विहीर. राहीने अख्खी मूठ घातली त्या विहिरीत. गेल्या साली खेकडा केला, तर कापायच्या आधीच त्याचे पाय गळले. तेव्हा कोणी आला नव्हता क्रीमचं नोझल घेऊन.

संदेश : मी काय मजा मारायला जातो? पोटासाठीच ना?

शमिका : जाता त्याबद्दल एक शब्द तरी बोललेय कधी? पण काल रात्री आलात नि आज लगेच माझं पुसून टाकायचं? विचारायचं तरी! आणि माझं एकटीचं नव्हतं ते. शाळेत जायच्या आधी राहीने स्वतः मनुका लावली डोळ्याच्या जागी. काढली, पुन्हा लावली. नीट बसेना म्हणून रडायला आलेली.

संदेश : ...ती मनुका मी खाल्ली.

शमिका : खाल्लीत. वा!

संदेश : सरक, मी काढतो मांजर. आत्ता होईल.

शमिका : कशाने? क्रीम सगळं तुमच्या हंसात गेलं. आणि नकोच. तुम्ही काढलीत तर सुंदर होईल ती.

संदेश : मग तिला सांगायचं काय?

शमिका : ते तुम्ही बघा. मी मधे पडणार नाही.

(दार ढकलून राही आत येते, दप्तर खाली ठेवते.)

राही : आई, केक उघडा का ठेवलायस? माशी बसेल ना... चिंगी कुठाय?

संदेश : राही, बाळा, ती मी पुसली. मला ठाऊक नव्हतं गो. वाटलं, काहीतरी चुकलंय.

राही : असू दे, बाबा. फुलं छान आहेत. थँक यू हां. आई, मी कपडे बदलते.

संदेश : बघ. रागावली पण नाही. तूच उगाच...

शमिका : माझ्यावर रागावली असती. पाय आपटले असते, ताट सरकवलं असतं.

संदेश : मग मला थँक यू का म्हणाली?

शमिका : पाहुण्यांनी काही दिलं की म्हणायचं, असं मीच शिकवलंय तिला.