मार्कांचं बंद पाकीट

अगं, आमच्या केतकीच्या कॅनडातल्या अ‍ॅडमिशनचं सांगते. आम्ही तेव्हा अमेरिकेत ट्रॉयला राहायचो, कॅनडाच्या सीमेजवळ; युनिव्हर्सिटी नदीपलीकडेच. शाळेतून तिच्या मार्कांचं, युनिव्हर्सिटीला पाठवायचं बंद पाकीट आलं. देवापुढे ठेवल्याशिवाय निकाल पाठवायचा कसा? मी पाकीट फोडून मार्कशीटला हळदकुंकू लावलं.

केतकी किंचाळली, "आई, सील तोडलं की ते इनव्हॅलिड होतं! परवा लास्ट डेट आहे!"

मी तशीच शाळेत गेले आणि काउन्सेलरबाईंना मोडक्या इंग्रजीत खरं ते सांगितलं. मार्कशीटवरचं कुंकू बघून त्या हसल्या. "तुम्ही या वर्षीच्या तिसऱ्या आई." मग त्यांनी दोन बंद पाकिटं माझ्या हातात दिली. "हे युनिव्हर्सिटीला, आणि हे तुमच्या देवाला."