वाटीतलं रुबार्ब, पुडीतल्या बिया

— उठू नका आजोबा, आणि उत्तरही देऊ नका — देणार तरी कसं म्हणा, जबडा तारेनं बांधलेला — मीच बोलते. या वॉर्डातल्या पेशंटांचा आहार मी ठरवते. आज तुम्हाला घरी सोडायचंय, आणि तुमची सून नि लेक बाहेर मलाच शोधतायत, म्हणून पाच मिनिटं इथे लपलेय — अगं बाई! काय पडलं? झाकण होय. माझंच कोपर.

तर ही सुनेची वाटी. रुबार्ब — ते लालसर आंबट देठ असतात ना, ते साखरेत शिजवलेले. आणि ही लेकीची पुडी, सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया. सालासकट! तार बांधलेल्या माणसाला! आणि दोघींचा एकच धोशा — यातलं जास्त पौष्टिक काय ते सांगा, मॅडम. मला वाटलं, चढाओढ असेल, माझंच भारी म्हणून. कसलं काय! सून म्हणते, ‘वन्सं, तुमच्या बियांची सर नाही हो माझ्या रुबार्बला, बाबांना तुमच्याकडेच मानवेल.’ लेक म्हणते, ‘छे गं वहिनी, तू किती मऊ शिजवतेस, बाबांना तुझ्याकडेच बरं.’ इतकं गोड भांडण मी जन्मात ऐकलं नव्हतं — जिचा पदार्थ पौष्टिक, तिच्या गळ्यात तुम्ही! रागावू नका हं. तुम्हाला कळलं नव्हतं का? कळलं होतं. डोळेच सांगतायत.

आता खरं विचाराल तर तुलना तरी कसली? वाटीत साखरच साखर, प्रथिनं नावाला — कॅल्शियम कागदावर चिक्कार, पण त्यातलं ऑक्झॅलेट ते अंगी लागू देईल तर ना! सुनेच्या मायेसारखं, दिसायला भरपूर — हे मी बोलले नाही हं. बियांत प्रथिनं, ई जीवनसत्त्व, मॅग्नेशियम, मूठभर खाल्ल्या तरी ताकद — पण फोडायला दात हवेत, नि लेकीला ते ठाऊक आहे. म्हणजे पोषणात बिया जिंकल्या. एवढंच सांगायचं होतं मी. सांगितलं का? सुनेनं आवाज चढवला — हो हो, बियाच. लेकीनं डोळे वटारले — हो हो, रुबार्बच. माझं असंच होतं. कुणी जरा ओरडलं की तोंडातून ‘हो’ निसटतं. लग्नालाही असंच निसटलं — आत्यानं दरडावून विचारलं, मी मान हलवली, आता हॉलसुद्धा ठरलाय, आणि तो माणूस मला — जाऊ दे. आईलासुद्धा बोलले नाहीये हे. तुम्हाला म्हणून सांगितलं, तुम्ही कुठे जाऊन बोलणार —

कोण! काय वाजलं ते? आजोबा, तुम्ही? बी फोडलीत? तोंड — तार कुठेय? सकाळीच काढली? मग मघापासून गप्प काय बसलात? आमच्या स्वयंपाकघराला कुणी काही कळवेल तर शपथ! आधी थुंका ते साल, आज फक्त मऊ खायचं. काय म्हणालात? दोघींकडेही नाही? मग कुठे — तुमच्या शिलाईच्या दुकानामागच्या खोलीत? एकटे? स्वयंपाक? येतो? बरं, येत असेल. आणि हे त्यांच्या तोंडावर सांगणार? — मी पण? म्हणजे काय, मी पण? आत्याला? मला नाही जमणार. ओरडेल ती. — ओरडू दे? सोपं आहे हो तुम्हाला —

आल्या. या, आत या. नाही, मी काहीही ठरवलेलं नाही. मला विचारूच नका, ज्यांना न्यायचंय त्यांना विचारा. हो, बोलता येतं त्यांना. ऐकूही येतं, पहिल्यापासून. सरका जरा, जाऊ द्या मला — एक फोन करायचाय, धीर आहे तोवर.