‘येतो’ या शब्दाचा अर्थ

‘येथे घरच्यासारखे वातावरण आहे,’ असे कोथरूडच्या त्या वृद्धाश्रमाच्या माहितीपत्रकात छापले होते. निवृत्त भाषाशास्त्रज्ञ डॉ. प्रज्ञा सोनकांबळे यांनी तिथे राहायला आल्या दिवशीच त्या वाक्याचे शवविच्छेदन केले होते: जिथे ‘सारखे’ म्हणावे लागते तिथे ती वस्तू नसते, घराला कुणी घरासारखे म्हणत नाही. आज रविवार, भेटीचा दिवस. त्यांना भेटायला कुणी येणार नव्हते, तरी त्या भेटीच्या खोलीत येऊन बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक बहीण धाकट्या भावाला दबक्या आवाजात फैलावर घेत होती.

“आई रोज फाटकापाशी खुर्ची टाकून बसते म्हणे. जेवायलाही उठत नाही. काय सांगून गेला होतास तिला?”

“काही नाही गं ताई. निघताना ‘येतो’ म्हणालो, एवढंच.”

“आणि आलास?”

“ऑफिस, पोरीची परीक्षा...”

“पाच महिने? कसली, आयएएसची?”

“‘येतो’ नुसतं म्हणायचं असतं गं. त्याचा अर्थ ‘जातो’ असाच असतो.”

“हे आईला माहीत आहे?”

“तिनंच तर शिकवलं. शाळेला निघताना ‘जातो’ म्हणालो की दारात अडवायची.”

“मग या वेळी खरं सांगायचंस, संजय. जातोय म्हणून.”



“तिनं माझा हात धरून ठेवला होता, ताई. ‘येतो’ म्हटलं की ती सोडते, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच म्हणालो.”