रडारवरचा संसार

तिकीटखिडकीशी माझ्या पुढे सासू-सून होत्या. सून सुट्टी संपवून कामावर निघालेली. सासू पोचवायला आलेली, पण निरोप द्यायची घाई तिला नव्हती.

“लग्नाला चार वर्षं झाली. तो एका रडारवर, तू दुसऱ्यावर. उल्का बघायला एक रडार पुरत नाही?”

“दिसायला पुरतं, आई. पण ती नेमकी कुठून आली ते लांबच्या दुसऱ्या ठिकाणाहूनही बघितलं, तरच नीट कळतं.”

“माझंही तसंच. फोनवर तू म्हणतेस, आमचं छान चाललंय. तोही तेच म्हणतो, पण त्याचा आवाज पडलेला असतो.”

“काही बोलला का तो?”

“मला कशाला सांगेल? तुमचं कामाशिवाय बोलणं कधी झालं शेवटचं?”

“हा उल्कावर्षाव संपला की मी जाणारच होते त्याच्याकडे.”

“उल्का दरवर्षी येतात गं. नवऱ्याचा काय भरवसा?”

“ताई, कुठलं तिकीट?” खिडकीतून आवाज आला.

सुनेने नवऱ्याचं रडार असलेल्या गावाचं नाव सांगितलं.

“एकेरी की परतीचं?”

“एकेरी,” सासू म्हणाली.

“परतीचं,” सून म्हणाली.

“दोघींनी ठरवा, मागे रांग आहे.”

“परतीचंच द्या,” सून म्हणाली. “पण परतीची तारीख मोकळी ठेवा.”